माणशी एक पाखरू

कोंबडीला तंगड्या दोनच असतात. हे काही मोठं ज्ञान नव्हे. पण घरात कोणाची किंमत किती, हे बघायचं असेल तर त्या दोन तंगड्या कुठे जातात ते बघावं. एक अब्बांच्या ताटात. दुसरी थोरल्या मुलाच्या, आणि जावई आलेला असेल तर त्याच्या. छातीचे मोठे तुकडे दीरांना आणि धाकट्यांना. कलेजी-पेटा लहान पोराला, कारण तो रडतो. मग मुलींची पाळी. सकाळपासून ओट्याशी उभं राहून जिने हे सगळं शिजवलं तिच्या वाट्याला शेवटी मान, पाठीचा सांगाडा, पंखाचं टोक आणि पातेल्याला लागलेला मसाला. विचारलं तर ती म्हणते, "मला मानच आवडते."

चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. नानीला मान आवडायची, अम्मीला मान आवडते, सासूबाईंना मान आवडायची. आमच्या समोर राहणाऱ्या मराठा काकूंनाही मानच आवडते, म्हणजे हा फक्त आपल्या जमातीचा मामला नाही. इतक्या बायकांना नेमका एकच भाग आवडावा आणि एकाही पुरुषाला तो आवडू नये, हा योगायोग मला काही पटत नाही.

म्हणून या ईदसाठी माझं एक साधं म्हणणं आहे. रमजान ईदच्या रात्री, पाहुणेरावळे पांगल्यावर घरातलीच तीन-चार माणसं जेवायला उरतात तेव्हा, कोंबडीचं कालवण नको आणि दुपारची बिर्याणी गरम करूनही नको. माणशी एक छोटा पक्षी शिजवा. लावा, म्हणजे आपण ज्याला बटेर म्हणतो तो. ज्याचा पक्षी त्याच्या ताटात, अख्खा. शिजवणारीच्या ताटातही अख्खा. दोन तंगड्या, छाती, पाठ आणि हो, मानसुद्धा.

ईदची रात्रच का, ते सांगते. ईदचा दिवस घरातल्या बाईचा नसतो. चांदरातीला चाँद दिसल्याची आरोळी आली की पुरुष बाजारात जातात आणि बाई बदाम-पिस्ते-खारकांचे काप करायला बसते. पहाटे चारला दूध आटवायला ठेवायचं, शेवया तुपात परतायच्या, मुलांना न्हाऊ घालायचं, इस्त्रीचे कपडे हातात द्यायचे. ईदगाहवरून पुरुष दहाच्या सुमाराला गळाभेटी घेऊन येतात तेव्हा शिरखुर्मा तयार हवा. (प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बायकांनाही, अगदी नमाज माफ असलेल्या दिवसांतल्या बायकांनाही, ईदच्या मैदानावर यायला सांगितलं होतं, ही हदीस बुखारीत आहे. आपल्याकडे ती पाळली जात नाही. तो वाद वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.) मग शेजाऱ्यांचे डबे, मग नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी, मग दुपारची बिर्याणी, मग चुलत-मावस भावंडं, त्यांच्या मुलांची ईदी. नवा जोडा ती घालते संध्याकाळी पाचला, तोही भांडी घासून झाल्यावर.

माझे हिंदू मित्रमैत्रिणी दरवर्षी प्रेमाने विचारतात, "मग, बिर्याणी कधी?" त्यांच्या डोळ्यांसमोर मुसलमानाचं घर म्हणजे एक भलीमोठी डेग, तिच्याभोवती पंचवीस माणसं आणि अत्तराचा वास. राग नाही मला त्याचा, सिनेमाने त्यांना तेच दाखवलं आहे. पण आमच्या घरी डेग फक्त लग्नात येते, तीही भाड्याने. रोजच्या घरात माणसं आता चार असतात, कधी दोनच. थोरला पुण्यात, धाकटा दुबईला, मुलगी सासरी. रत्नागिरी-चिपळूणकडच्या कितीतरी वाड्यांत ईदच्या रात्री म्हातारा-म्हातारी आणि व्हिडिओ कॉल एवढंच असतं. तरी आपण ईद शिजवतो ती वीस माणसांच्या हिशेबाने. रात्री उरलेलं अन्न बघत दोन माणसं गप्प बसतात आणि ईद कशी फिकी झाली म्हणतात. ती फिकी झालेली नसते, पातेलं मोठं झालेलं असतं.

आता कोणी म्हणेल, पक्षी बदलण्यापेक्षा वाढण्याची पद्धत बदला, कोंबडीचेच तुकडे सारखे वाटा. दिसायला हे सोपं आहे. पण पाच माणसांत दोन तंगड्या सारख्या वाटून दाखवा. कोणाला तरी कमी जाणारच, आणि ते कोणाला जावं हे वाढणारी ठरवते. वाढणारी म्हणजे तीच, जिचा हात वीस-तीस वर्षं स्वतःला शेवटी वाढायला शिकला आहे. तिला कितीही सांगा, पळी आपोआप तशीच वळते. शिवाय आपलं कालवण हे फसवं प्रकरण असतं. आयत्या वेळी पाहुणा आला की रश्श्यात तांब्याभर पाणी जातं आणि तुकडा जातो तो बाईच्या वाट्यातला. अख्ख्या पाखराचं तसं नाही. चार माणसं, चार पाखरं. त्यात ठरवायला काही उरतच नाही. मला माणसांच्या मनात क्रांती करायची घाई नाही. कसायाकडे काय मागायचं एवढंच मी बदलायला सांगते आहे.

हे लिहिण्याआधी नात्यातल्या दोन-चार जणांपुढे मी हे बोलले होते, तेव्हा पहिला आक्षेप आला तो असा: ईदच्या दिवशी मोजमाप कसलं? आपल्याकडे तुकडे मोजत नाहीत, बरकत जाते.

बरकत मोजल्याने जाते? मग फित्रा काय आहे? ईदची नमाज पढायच्या आधी आपण जे देतो ते डोई मोजूनच देतो. हदीस स्पष्ट आहे: गुलाम असो की आझाद, मर्द असो की औरत, लहान असो की मोठा, प्रत्येकामागे तेवढंच माप. बापाच्या नावाने जास्त आणि मुलीच्या नावाने कमी असं नाही. चांदरातीच्या आधी जन्मलेल्या तान्ह्या बाळाचाही फित्रा निघतो. हनफी घरांत माणशी गव्हाचा अर्धा साअ, साधारण पावणेदोन किलो, किंवा त्याचे पैसे. कोकणातल्या शाफई घरांत माणशी एक साअ तांदूळ, अडीच-तीन किलो. घरचा कर्ता बोटांवर मोजतो, मी, बायको, तीन पोरं, अम्मी, सहा झाले. ज्या सणाची सुरुवातच माणसं सारखी मोजून होते, त्या सणाच्या रात्री ताटं सारखी मोजली तर बरकत कशी काय उडून जाते?

आणि गंमत बघा, मोजत नाही असं म्हणणारे खरंतर मोजतच असतात. जावयाच्या ताटात तंगडी आली नाही तर सासूबाईंच्या भुवया वर जातात. म्हणजे वरच्या ताटांचा हिशेब चोख आहे, खालच्या ताटांचा काढला की तेवढी कंजुषी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता. एका थाळ्यात मिळून जेवणं ही आपली रीत आहे, दोघांचं जेवण तिघांना पुरतं अशी हदीस आहे, आणि तुम्ही साहेबलोकांसारखी वेगळी प्लेट आणि वेगळा पक्षी सांगता. ही हदीस मला माहीत आहे आणि प्यारी आहे. पण ती पोटाला चिमटा काढून दुसऱ्याला सामावून घ्यायला सांगते, आणि तो चिमटा दोघांनीही काढायचा असतो. एकाने पोटभर खायचं आणि दुसरीने सबर करायचा, याला बरकत हे नाव त्या हदीसने दिलेलं नाही. एकाच थाळ्यात जेवतानाही अदब आहेच. उमर इब्न अबी सलमा लहान होते, जेवताना त्यांचा हात थाळ्यात सगळीकडे फिरायचा. तेव्हा प्रेषितांनी त्यांना शिकवलं की अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा आणि तुझ्या पुढ्यातलं खा. म्हणजे सामाईक थाळ्यातही प्रत्येकाचा पुढा आहे. माझं म्हणणं एवढंच की थाळा एकच ठेवा, हौसेने ठेवा, मध्ये भात ठेवा आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक लावा ठेवा. मात्र त्या थाळ्याभोवती शिजवणारीही बसलेली हवी. आपल्याकडे एका थाळ्याची सुन्नत फार मिरवतात, पण थाळ्याभोवती आधी पुरुष बसतात आणि बायका मागून, उरल्यावर. अशा थाळ्याला सामाईक म्हणणं मला जड जातं.

अजून एक हदीस आहे, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत. नोकर तुमच्यासाठी जेवण शिजवून आणेल तेव्हा त्याला सोबत बसवा. बसवता येत नसेल तर निदान घास-दोन घास त्याला द्या, कारण आगीची धग आणि शिजवण्याचे कष्ट त्याने सोसलेले आहेत. हे नोकराबद्दल आहे. घरच्या बाईबद्दल वेगळं सांगावं लागेल असं तेव्हा कोणाला वाटलं नसावं. आपल्या जुम्म्याच्या बयानांत आईच्या पायाखाली जन्नत असल्याचं इतक्यांदा सांगतात की मुलांना ते पाठ झालं आहे. तीच मुलं घरी येऊन आईच्या ताटात मान बघतात आणि त्यांना काही खटकत नाही. पायाखाली जन्नत देऊन झाल्यावर ताटात तंगडी द्यायची गरज उरत नाही, असा काहीतरी सौदा आपण करून टाकलेला दिसतो. आणि आईचा त्याग म्हणून त्याची गाणी गातो. अरे, त्याग करायला आधी वाटा तरी मिळायला हवा. जे कधी हातातच आलं नाही, ते सोडल्याचं श्रेय तिला देऊन कसं चालेल?

तिसरा आक्षेप: बटेर म्हणजे नवाबी शौक. लखनौच्या बटेरबाजीचं वर्णन अब्दुल हलीम शरर यांनी लिहून ठेवलं आहे, आणि आंधळ्याच्या हाती बटेर लागल्याची म्हण हिंदी-उर्दूत घराघरांत आहे. त्यामुळे बटेर म्हटलं की लोकांना शिकारीचं किंवा शेरवानीचं काहीतरी आठवतं. पण आज बाजारात मिळतो तो लावा म्हणजे जपानी लावा, शेडमध्ये वाढवलेला. १९७४ साली अमेरिकेतून तो बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला, तिथे त्याच्यावर काम झालं आणि तिथून तो देशभर पसरला. पाच-सहा आठवड्यांत तो खाण्याजोगा होतो. मधे २०११ मध्ये केंद्र सरकारने नव्या लावापालनाला परवानगी द्यायचं थांबवलं होतं, ते बंधन २०१३ अखेरीला उठलं. आमच्या भागात एक लावा ऐंशी-नव्वद रुपयांना मिळतो. चौघांचे झाले साडेतीनशे. ईदच्या आठवड्यात किलोभर मटणाला जे मोजता, त्याच्या निम्म्यात हे होतं. मग नवाबी काय आहे यात? उलट ज्या घरात ईदसाठी उधार मटण येतं, त्या घराला तर हे जास्तच परवडेल.

एक गोष्ट मात्र कान धरून सांगते. रस्त्याच्या कडेला कोणी पोत्यात किंवा जाळीत रानातले लावे, तित्तर घेऊन उभा असेल तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची शिकार आणि विक्री गुन्हा आहे. खरेदी करणाराही त्यात येतो. आणि अशा विक्रेत्यांच्या हातून बऱ्याचदा पाखराची मान मुरगळलेली असते, ते आपल्याला चालणारही नाही. शेडवरून जिवंत आणावेत, किंवा ओळखीच्या कसायाला दोन दिवस आधी सांगून ठेवावं. जबह नीट करायला सांगावी. लहान जीव आहे म्हणून घाईघाईत चार-पाच एकदम उरकायचे, असं होऊ देऊ नये.

धर्माच्या बाजूने लाव्याची शिफारस हवीच असेल तर ती थेट कुरआनात आहे. बनी इस्राईलला वाळवंटात मन्न आणि सलवा मिळाला, आणि सलवा म्हणजे बटेर असंच बहुतेक भाष्यकार समजतात. तौरातमध्ये हीच हकीकत जास्त तपशिलात येते: संध्याकाळी लावे येऊन तळावर पसरले, सकाळी मन्न पडलं, आणि मन्न गोळा करायचा हुकूम होता तो माणशी एक माप, तंबूत जितकी डोकी तितकी मापं. मला यातून फिकहचा मसला काढायचा नाही. पण आसमानातून आलेलं जेवणही डोई मोजून वाटलं जात होतं, हे वाचून मला बरं वाटतं.

(बकरी ईदचं मी बोलत नाहीये. त्या ईदला घरात कुर्बानीचं गोश्त असतं आणि त्याच्या वाटण्याचे आपले रिवाज आहेत. कोंबडीची किंवा बटेरची कुर्बानी होत नाही, हेही मला ठाऊक आहे. ते कळवण्यासाठी पत्र लिहायची तसदी कोणी घेऊ नये.)

आता शिजवायचं कसं, कारण नुसतं भांडून पोट भरत नाही.

साफ केलेला लावा दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याचं मांस कोवळं असतं आणि छातीवर चरबी जवळजवळ नसते. याचे दोन अर्थ. एक, कच्ची पपई लावायची नाही, मांसाचा लगदा होतो. दुसरा, कुकर काढायचा नाही. दोन शिट्ट्यांत छातीच्या काड्या होतात. लावा आवडत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांनी कुकरमधला किंवा ढाब्यावर करपेपर्यंत तळलेलाच खाल्लेला असतो.

पाखरं धुऊन, फडक्याने कोरडी करून मीठ, लिंबू आणि आलं-लसूण आतून-बाहेरून चोळावं. अर्ध्या तासाने दुसरा मसाला: फडक्यात बांधून पाणी काढलेलं दही, कुरकुरीत तळलेला कांदा चुरून, लाल तिखट, धणे पूड, गरम मसाला, भाजलेल्या खसखस-खोबऱ्याचं वाटण, चमचाभर तेल. यात दोन तास पुरे. रात्रभर ठेवायची गरज नाही. पोटात भरायला मूठभर खिमा आधीच सुका शिजवून घ्यावा, त्यात पुदिना आणि थोडे बेदाणे. हौस असेल तर लाव्याचंच उकडलेलं अंडं मधोमध. खिमा नको असेल तर बटाटा-कांद्याचं सारणही चालतं. पाय दोऱ्याने बांधावेत म्हणजे सारण बाहेर येत नाही.

बुडाला जाड असं पसरट पातेलं घ्यावं. तुपात पाखरं आधी दोन्ही बाजूंनी तांबूस परतायची, तीन-चार मिनिटं प्रत्येक बाजू. मग छाती वर करून शेजारी-शेजारी बसवायची, राहिलेला मसाला वरून ओतायचा, झाकण कणकेने बंद करायचं आणि पातेलं तव्यावर ठेवून मंद आच. भरलेल्या पाखरांना पंचवीस मिनिटं, नुसत्यांना वीस. घरी निखारे असतील तर चार झाकणावर ठेवावेत. आच बंद करून पाच मिनिटं तसंच ठेवावं आणि मगच कणीक फोडावी. मांडीत सुई टोचल्यावर स्वच्छ पाणी आलं तर झालं. गुलाबी आलं तर झाकण ठेवून आणखी पाच मिनिटं.

या पंचवीस मिनिटांकडे जरा लक्ष द्या. झाकण बंद आहे, ढवळायचं नाही, परतायचं नाही, कोणाला गरम गरम वाढायचं नाही. या वेळात शिजवणारी आंघोळ करू शकते, नवा जोडा घालू शकते, मेंदीचे हात कोणाला तरी दाखवू शकते. रोटीवर रोटी करत ती तव्यापाशी उभी राहिली तर मात्र सगळं मुसळ केरात. म्हणून सोबत भात करावा किंवा बेकरीचा नान-पाव आणावा. ईदच्या रात्री मोहल्ल्यातली बेकरी उघडी असते, आणि तिथे जायला पाय सगळ्यांनाच असतात.

कोकणात हेच करताना खसखस-खोबऱ्याऐवजी शेवटी नारळाचं दाट दूध घालून बघा, आणि सोबत तांदळाची भाकरी दुपारीच करून ठेवा. सोलापूर-मराठवाड्याकडे तीळ आणि शेंगदाण्याचं वाटण जास्त जमून येतं, खानदेशात काळा मसाला. आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांना हा पक्षी नवा नाही, अरबी बाजारात त्याला सुम्मान म्हणतात. तिकडून आलेल्या मुलांनी आईला हा एकदा करून घालावा, करून मागू नये.

लावा मिळालाच नाही तर तलंग घ्या, अजून अंड्यावर न आलेली लहान कोंबडी, किंवा तंदुरीसाठी मिळते ती सातशे-आठशे ग्रॅमची. ती कण्यावरून सरळ उभी चिरायची: एका अर्ध्यात एक तंगडी, एक पंख, अर्धी छाती. दोघांना एक. आच जास्त वेळ लागेल, चाळीस मिनिटं तरी. म्हातारा-म्हातारीच्या घराला तर हीच उत्तम. दोन माणसं, दोन तंगड्या, भांडण नाही. अमेरिकेत एका माणसाच्या ताटात बसेल एवढी कोंबडी वेगळ्या नावाने मिळते, पाच आठवड्यांच्या आतली, दोन पौंडांच्या आतली, आणि लहान कुटुंबं सणाला तीच भाजतात. म्हणजे कुटुंबं लहान झाली हे जगाच्या लक्षात आलं आहे, पातेली मोठी राहिली ती आपलीच.

तक्रार एक येईल, आणि ती रास्त आहे: दीडशे ग्रॅमच्या पाखरात मांस ते किती? हाडंच जास्त. खरं आहे. तरण्या मुलाला एक पुरत नाही. मग त्याला दोन करा. पण मग सगळ्यांना दोन. "मला एकच पुरे" हे वाक्य घरातल्या पुरुषाने आधी म्हणून दाखवावं, मग बाईने म्हटलं तर मी विश्वास ठेवीन. हाडं बारीक असतात म्हणून लहान मुलांना आईबापांपैकी एकाने सोडवून द्यावीत. दोघांपैकी कोणी, हेही आधीच ठरवून घेतलेलं बरं.

आणि आयत्या वेळी कोणी आलं तर? रश्श्यात पाणी घालता येतं, लाव्यात घालता येत नाही. मेहमान अल्लाहची रहमत आहे, त्याला परत पाठवायचं का? अजिबात नाही. त्यासाठी मी डोकी मोजून झाल्यावर एक पाखरू जास्त आणते. कोणी आलं तर ते त्याचं. नाही आलं तर बासी ईदला सकाळी ते कोणी खायचं याची आमच्याकडे चिठ्ठी काढतात. मागच्या वर्षी सासूबाईंच्या बहिणीचं नाव निघालं. त्या म्हणाल्या, मला नको, पोरांना द्या, मला मानच आवडते. माझ्या मुलीने मान काढून स्वतःच्या ताटात घेतली आणि बाकीचं पाखरू त्यांच्यापुढे सरकवलं. दहा मिनिटं त्या नको नको म्हणत होत्या. मग त्यांनी ते सगळं खाल्लं.